तिच्या आवाजाआधीची जाहिरात

आमच्या सुनेची डोंबिवलीच्या बातम्यांची वेबसाइट आहे. कुठे पाणी येणार नाही, कुठला रस्ता खणलाय, कोण वारलं, असल्या बातम्या. मोठे पेपर ज्यांना हात लावत नाहीत त्या. जेवायच्या टेबलावर एकीकडे लॅपटॉप, एकीकडे निवडायची मेथी, तिथंच सगळा कारभार.

माझी बायको होती तेव्हा रोज सकाळी त्या बातम्या मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांचे डोळे गेलेत, त्यांच्यासाठी. सुरुवात ठरलेली. "उठलात का? मग आधी पाणी भरून घ्या." मी चौथी शिकलेला, कल्याणजवळ मोहने गावच्या कारखान्यात जन्म गेलेला. मीही ऐकायचोच. ती गेली तरी ऐकतो. बातम्या शिळ्या, पण आवाज तिचा.

एक दिवस सून म्हणाली, "बाबा, साइट बंद करावी लागेल बहुतेक. लोक आता फोनलाच विचारतात आणि फोनच उत्तर देतो. आपल्या पानावर कोणी येतच नाही, मग जाहिरात बघणार कोण? आईंचा आवाज मी तुमच्या फोनमध्ये उतरवून देते."

मी म्हटलं, "फोनमध्ये नको. तिथं ती एकट्या माझ्याशी बोलेल. साइटवर ती चार लोकांत बोलते." त्या रात्री जेवण गेलं नाही.

बायकोच्या भजनी मंडळातल्या बायकांना हे कळलं. जाहिरातीला बोट लावलं की सुनेला पैसे मिळतात, एवढं त्यांना माहीत होतं. गुरुवारी आमच्याकडे भजन. आरती झाली आणि सगळ्या मोबाइल काढून बसल्या.

"प्रसाद नंतर गं, आधी दाबा!"

"मी तर ट्रॅक्टरची पण दाबली."

"तुझ्या गॅलरीत नांगरणार काय?"

मी कौतुकानं बघत उभा. पुढच्याही गुरुवारी तेच. मग जाहिरात कंपनीला लबाडीचा वास आला. होते ते पैसे कापले आणि वर ताकीद, पुन्हा झालं तर कायमचं बंद.

मला वाटलं, सून आता बायकांना फाडून खाणार. तिनं काय केलं, पुढच्या भजनाला चहा केला आणि सतरंजीवर त्यांच्यात जाऊन बसली. म्हणाली, "मावशी, माझ्यासाठी एवढी बोटं झिजवलीत. आता ट्रॅक्टरवाल्याला सोडा. दुधाचा रतीब लावता ना, तसा महिन्याचा बातमीचा लावा. थेट माझ्याकडे."

"आणि नाही लावला तर बातमी नाही?" एकीनं विचारलंच.

"पाण्याची आणि मयताची सगळ्यांना फुकट. ती कुलपात ठेवली तर आई वरून शिव्या घालतील मला."

बायका हसल्या.

त्याच आठवड्यात एका बिल्डरचा माणूस आला. वर्षभराचे पैसे देतो, आमच्या टॉवरबद्दल सांगू ते बातमी म्हणून छापा. मी मनात म्हटलं, घे बाई, साइट तरेल. ती म्हणाली, "जाहिरात द्या. वर 'जाहिरात' असं लिहून लावते. बातमी म्हणून नाही." तो चहा अर्धा टाकून गेला. अडचणीत असताना असं तोंडावर नाही म्हणायला छाती लागते. माझ्यात ती कधी नव्हती.

भजनवाल्या बायका घरोघरी सांगायला सोसायट्यांचे जिने चढल्या. रतीब लागले. कोणी विचारलं, आमच्या गल्लीतला दिवा का बंद, की सून स्कूटर काढून पालिकेच्या ऑफिसात जाते आणि उत्तर आणून साइटवर टाकते. असलं उत्तर फोन कुठून देणार? म्हणून लोक टिकले. श्रीमंती आलेली नाही, टेबल तेच, मेथी तीच. पण साइट चालते. शेवटी तिनं त्या कंपनीच्या जाहिराती काढूनच टाकल्या.

पूर्वी बायकोचा आवाज लावला की आधी जाहिरातीतला एक कर्जवाला ओरडायचा. तो गप्प होईपर्यंत थांबायला लागायचं. परवा सकाळी बोट लावलं आणि सवयीनं थांबलो. तो आलाच नाही. एकदम हीच.

"उठलात का?"

म्हटलं, उठलो गं.