उदाचा वास

माझ्या धाकट्या बहिणीने चार रविवारांचा ऑनलाइन कोर्स केला आणि ती अरोमाथेरपिस्ट झाली. तेव्हापासून माणिकपूरच्या तिच्या ब्लॉकमध्ये कुणी शिंकलं तरी काळी बाटली बाहेर येते. झोप येत नाही, तेल. झोप फार येते, तेच तेल. नवरा ऐकत नाही, यावर मात्र अजून काही निघालेलं नाही.

इकडे भुईगावला आई विहिरीपाशी घसरून पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालायला लावा, नाहीतर कायमच्या अंथरुणाला खिळतील. पण आई पाय खाली टेकवायला तयार नव्हती. मी तिच्याजवळ राहते. तिची खाट मी गल्लीकडच्या खिडकीशी लावली होती आणि तिचा दिवसभर एकच प्रश्न असायचा, "कोन आला काय?"

कुणीच येत नव्हतं. लोक मोबाइलवर हात जोडल्याची चित्रं पाठवायचे, की झाली विचारपूस. होळी गावातली माझी मावशी, आईची सख्खी बहीण, रिक्षाने यायचं म्हटलं तर उकळलेला चहा निवायच्या आत पोचेल. तीही फोनवर नुसती "येते गो, येते" म्हणायची. आईच्या ताटात अर्धी भाकरी उरू लागली. मला त्या सगळ्यांची मनस्वी चीड यायची.

अशात बहीण ती बाटली घेऊन आली.

"ताई, हे फ्रँकिन्सेन्स. बाळ येशूला राजांनी दिलेलं."

"म्हणजे ऊद."

"ऊद नाही गं. फ्रँकिन्सेन्स ऑइल!"

बरोबरच होतं तिचं. ऊद म्हटलं की तो पुडीत मिळतो, इंग्रजीत म्हटलं की थेंबावर.

आधी तिने ते आईच्या गालांना चोळलं, सुरकुत्या जाव्यात म्हणून. ऐंशी ओलांडलेल्या बाईच्या सुरकुत्या कुणाच्या डोळ्यांत खुपत होत्या, देव जाणे. ते दुसऱ्या तेलात मिसळून लावायचं असतं, हे बहुधा पाचव्या रविवारी शिकवणार होते. आईचे गाल लालबुंद झाले. मी खोबरेल लावून पुसून काढलं आणि बहिणीला चार शब्द सुनावले. त्यावर ती म्हणाली, "शरीरातलं विष बाहेर पडतंय," आणि खिडकीत त्याच तेलाची वाफ सोडणारा डिफ्यूझर लावून मोकळी झाली.

थोड्या वेळात गल्लीभर ऊद दरवळला. आता आमच्याकडे ऊद जळतो चर्चमध्ये, सणाच्या मिस्साला किंवा मयताच्या पेटीभोवती. सण नव्हता. घरात म्हातारी आजारी. गावाने हिशोब केला.

पहिली आली ती समोरची शेजारीण, डोक्यावर पदर घेऊन. मागोमाग आणखी बायका, हातात रोझरीच्या माळा. कुणीतरी न सांगता प्लास्टिकच्या खुर्च्याही आणून मांडल्या. इतके महिने ज्यांना आमच्या घराची वाट सापडत नव्हती, ते सगळे नाकाच्या मागे बरोब्बर येऊन पोचले. शेजारणीने ओटीवरच हंबरडा फोडला, "गेली गो माजी बाय!"

"कुटं जाते?" आतून आई ओरडली. "पाय हाय काय माजा धड?"

हंबरडा मध्येच तुटला. बायकांना आता परतही जाववेना. रडायला आलेली माणसं चहाला थांबली. मी आधण ठेवलं आणि वळून बघते तर आई वॉकर धरून उभी. एकेक पाऊल टाकत ती ओटीवर गेली आणि त्या मयताच्या खुर्चीत ऐसपैस बसली. कुणाची पोर कुठे दिली, बोंबील कसे मिळाले, सगळं तिने खोदून खोदून विचारलं. चहाबरोबर बिस्किटंही संपवली. माझे डोळे भरून आले.

बहिणीने अर्थातच व्हिडिओ काढला होता. "बघितलंस? एका दिवसात चालली!" तेल लागू पडलं होतं, हे कसं नाकारू?

दिवेलागणीला सगळ्या पांगल्या. बहीण बाटली पर्समध्ये टाकू लागली, तसा आईने तिचा हात धरला. नजर गल्लीच्या टोकाशी होती.

"अजून दोन थेंब टाक," ती म्हणाली. "होळी गावापरेंत वास पोचला नाय."