प्राणवायूची किल्ली

जिथे माणसे एकाच वेळी घाबरलेली आणि मिरवणारी असतात, तिथे किस्से साचायला वेळ लागत नाही. पन्नासच्या दशकात कोपरीच्या ज्या छोट्या प्रसूतिगृहात मी परिचारिका होते, ते तसेच होते. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचे सारे मी वाचून मिळवले. तेव्हा ऐकीव काही सांगत नाही.

०

प्राणवायूचे सिलिंडर आले, त्या दिवशी एका आजोबांनी त्याला हार घातला. मग पूर्ण दिवसांच्या, ठणठणीत बाळांचे नातेवाईकही तो मागू लागले. "शेजारच्या खाटेला मिळतो, मग आम्ही काय परके?"

०

सरलाबाईंची कुसुम सातव्या महिन्यात झाली, मुठीएवढी. डॉक्टरबाईंनी तिला अखंड प्राणवायूत ठेवले. मूल वाचले, पेढे वाटले गेले. काही महिन्यांनी लक्षात आले, की कुसुम दिव्याकडे बघत नाही.

डॉक्टरबाईंनी तिची दृष्टी घालवली, असे म्हणणाऱ्यांना मी तेव्हाही सुनावले, आजही सुनावते. ती चूक तेव्हा मोठमोठ्या देशांत चालली होती, आणि भल्या हेतूने.

०

पुढे परदेशी नियतकालिकातून उलगडा झाला. बाळ जितके अपुऱ्या दिवसांचे आणि कमी वजनाचे, तितके त्याचे डोळे कच्चे; त्यात गरजेहून जास्त प्राणवायू दिला, तर ते कायमचे जाऊ शकतात. डॉक्टरबाईंनी नियम केला: बाळ निळे पडले तरच द्यायचा, रंग परतला की कमी करायचा. एका बाळाच्या मामांनी गुपचूप तो वाढवला. तेव्हापासून सिलिंडरची किल्ली डॉक्टरबाईंच्या कमरेला!

०

खडवलीचे एक पाटील अपुऱ्या दिवसांच्या नातवाला जास्त प्राणवायू द्या म्हणून भांडायला आले. "बाई, आंधळा झाला तरी चालेल, पण जगू दे."

"मला जीव आणि डोळे दोन्ही राखायचे आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुम्ही ओरडलात म्हणून किल्ली फिरणार नाही."

नातू जगला. आजोबांच्या मिशांकडे टक लावून बघू लागला. पाटील मात्र गावभर सांगत राहिले, की बाई चांगल्या, पण हवेतसुद्धा चिक्कूपणा करतात.

०

सरलाबाईंना दुसऱ्या खेपेलाही सातव्यातच कळा सुरू झाल्या. सासूबाई टांगा दुसऱ्या दवाखान्याकडे वळवायला सांगत होत्या. सरलाबाई कुसुमचा हात धरून आमच्याच दारात उतरल्या. त्यांना पाहून डॉक्टरबाईंचा चेहरा पडला.

"इतके होऊनही माझ्याकडेच आलात?"

कळ ओसरेपर्यंत सरलाबाई चौकट धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमची चूक करून झाली आहे, बाई. दुसरीकडे ती अजून व्हायची असेल."