न सुटणारा बास

तात्याराव खोब्रागड्यांचा कुठल्याही एका गोष्टीवर विश्वास बसत नसे. त्यांना नेहमी दोन लागत. घराला कुलूप लावलं की ते ओढून बघत, जिना उतरून खाली जात आणि पुन्हा वर येऊन ओढून बघत. नागपूरला जाताना रेल्वेत बॅग साखळीने बर्थला बांधत आणि मग त्या साखळीवर पाय ठेवून झोपत. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीहून ते तरुणपणीच सरकारी नोकरीवर दिल्लीला आले, मयूर विहारच्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि बढत्या घेत घेत सेक्शन ऑफिसर झाले. ऑफिसातल्या कुणालाच त्यांचं नाव नीट घेता आलं नाही. सगळे त्यांना 'टाटाजी' म्हणत. तेही चालवून घेत, कारण ते नाव भक्कम वाटे.

अशा माणसाच्या हातात बास गिटार आला कसा, तर माळ्यावरून. मुलगी लुंबिनी कॉलेजात असताना मैत्रिणींच्या बँडमध्ये तो वाजवायची. पुढे वकिलीच्या मागे लागली आणि बास माळ्यावर गेला. एका रविवारी माळा साफ करताना तात्यारावांनी त्याच्यावरची धूळ पुसली आणि पुसता पुसता सगळ्यात जाड तार छेडली. आवाज कानात न येता सरळ पोटात आला.

"अगं कौसल्या," ते बायकोला म्हणाले, "हे वाद्य बेंबीने ऐकतात!"

त्या दिवसापासून ऑफिसातून आलं की कपडे बदलायचे, बास स्पीकरला जोडून सोफ्यावर बसायचं आणि धुंम धुंम चालू. कौसल्याबाई बँकेत नोकरीला होत्या, दिवसभर लोकांची भांडणं ऐकून यायच्या. त्यांना त्या आवाजाने झोप छान लागे, म्हणून त्यांनी कधी तक्रार केली नाही.

दिल्लीतच मुनिरक्याला सिद्धांत नावाचा ओळखीतला हिंगोलीचा मुलगा राहायचा. यूपीएससीची तयारी करता करता भीमगीतं गायचा, आणि अभ्यासापेक्षा गाण्यात त्याची प्रगती जास्त होती. त्याच्याबरोबर ढोलक होती, कीबोर्ड होता, पण बास नव्हता. एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या कर्मचाऱ्यांचा जयंतीचा कार्यक्रम होता, त्यासाठी त्याने तात्यारावांना बोलावलं. अट एकच.

"काका, उभं राहून वाजवायचं. बसलात तर तुम्ही तक्रार नोंदवून घ्यायला बसलाय असं वाटतं."

उभं राहायचं म्हणजे पट्टा आला. बासच्या अंगाला दोन लहान बटणं असतात, एक बुडाला आणि एक वरच्या शिंगाला. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना चीर असते, ती बटणावर ओढून बसवायची, बस्स. लुंबिनीचा जुना पट्टा तात्यारावांनी तसाच चढवला आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, ओढून बघितला नाही.

मुनिरक्यातल्या सिद्धांतच्या खोलीत तालीम सुरू झाली. खोली एवढीशी, की ढोलकवाला पलंगावर आणि तात्याराव गॅसच्या शेगडीला खेटून. दुसऱ्याच गाण्यात ते जरा रंगात येऊन वाकले, वरच्या बटणावरून चीर सटकली आणि बास डोकं खाली करून थेट शेगडीवरच्या राजम्याच्या पातेल्यात गेला. मान बुडाली, चारही खुंट्यांवर राजमा चढला.

तालीम तिथेच संपली. राजमा मात्र सगळ्यांनी खाल्ला. कीबोर्डवाला म्हणाला, थोडा लोखंडी लागतोय.

घरी आल्यावर तात्यारावांनी दात घासायच्या ब्रशने खुंट्या साफ केल्या आणि जाहीर केलं की हा बास आता पुन्हा पडणार नाही. घरात बैठक बसली.

कौसल्याबाईंनी स्वयंपाकघरातून नळाचा रबरी वॉशर आणला. "पट्टा चढवा आणि वरून हा बटणावर दाबून बसवा. निघेलच कसा?"

"याने नळाचं पाणी धरलं नाही," तात्याराव म्हणाले, "तो बास धरणार?" स्वयंपाकघरातला नळ तेव्हाही टपकत होता, त्यामुळे वाद पुढे गेला नाही.

लुंबिनीने मोबाइल पुढे केला. "पप्पा, स्ट्रॅप लॉक घ्या ना यार. सगळे हेच लावतात. बटणाच्या जागी हा एक पार्ट, पट्ट्यावर दुसरा. क्लिक केलं की पक्कं. काढायचं असेल तेव्हा ही छोटीशी गुंडी ओढायची."

"ओढली की सुटतं?"

"हां, पण तुम्ही ओढली तरच."

"म्हणजे सुटतंच."

"पप्पा!"

"जे सुटू शकतं ते कधी ना कधी सुटतं, लुंबिनी. दाराची बिजागरी बघ. ती सुटायला केलेलीच नसते, म्हणून दार पडत नाही."

"बिजागरी मतलब?" लुंबिनीने विचारलं. दिल्लीत वाढलेल्या मुलीला कौसल्याबाईंनी दार उघडून बिजागरी दाखवली, आणि बैठक मोडली.

तात्यारावांनी मग स्वतःच काम हाती घेतलं. आधी परकराचा नाडा वापरून बघितला. गाठी उत्तम बसल्या, पण वाजवताना लोंबणारी टोकं हातात यायला लागली. मग बाजारातून लांब स्क्रू आणि रुपयाएवढे लोखंडी वॉशर आणले. बटणं काढून टाकली आणि पट्ट्याची टोकं स्क्रूने थेट लाकडात आवळली. स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून भोकात लाकडाचा गोंद भरला. चाचणी म्हणून बास पट्ट्याने कपाटाच्या दाराला टांगला, खाली गादी घातली, गादीवर उशा रचल्या आणि स्वतः दोन्ही हात पसरून खाली बसून राहिले.

"बाळंतपण आहे का?" कौसल्याबाईंनी विचारलं.

बास पडला नाही. खरं तर इथे काम झालं होतं. पण चहा पिता पिता तात्यारावांच्या मनात आलं, टोकं नाही सुटणार, पण पट्टाच मधे फाटला तर?

आणि त्यांना रेल्वेची साखळी आठवली.

गोंद सुकायच्या आत त्यांनी दोन्ही स्क्रू पुन्हा काढले, प्रत्येक वॉशरखाली एकेक लोखंडी कडी घातली आणि पुन्हा आवळले. कड्यांतून साखळी ओवायची, ती पँटच्या पट्ट्याच्या घरांतून कमरेभोवती फिरवायची आणि पोटाजवळ कुलूप लावायचं. साखळीने बासवर ओरखडे पडू नयेत म्हणून तिला जुने मोजे चढवले. 

कार्यक्रम कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका सभागृहात दुपारी होता. तात्यारावांनी विंगेत बास चढवला, साखळी फिरवली, कुलूप दाबून बंद केलं, दोनदा ओढून बघितलं आणि मंचावर गेले. सिद्धांतचा आवाज लागला होता, ढोलक तापली होती, आणि तात्याराव असे काही वाजवत होते की पहिल्या रांगेतल्या एका आजींनी पोटावर हात ठेवून शेजारणीला विचारलं, तुम्हालाही होतंय का? बास जागचा तसूभर हलला नाही. टाळ्या पडल्या. तात्याराव वाकून नमस्कार करायला गेले, पण साखळीमुळे पुरतं वाकता आलं नाही, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. ते फार रुबाबदार दिसलं.

विंगेत आल्यावर त्यांनी खिसे चाचपले. मग पुन्हा चाचपले.

"किल्ली?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"सुरक्षित आहे."

"कुठे?"

"कपाटाच्या लॉकरमध्ये," तात्याराव हळूच म्हणाले. "घरी."

सगळ्यांनी प्रयत्न केले. सिद्धांतने कुठून तरी स्क्रूड्रायव्हर पैदा केला, पण गोंदाने आपलं काम चोख केलं होतं. पँट उतरवली तर बास निघाला असता, पण साखळीबरोबर पँटही बासलाच अडकून राहिली असती, मग अंगावर काय, हा प्रश्न होता, आणि कार्यक्रमाला ऑफिसातले वरिष्ठ आले होते. टॅक्सी बोलावली तर तात्याराव दारात आडवे अडकले. ड्रायव्हरने हात जोडले. "सरजी, टेम्पो बुला लीजिए."

शेवटी तात्याराव, कौसल्याबाई आणि लुंबिनी तिघंही बाराखंबा मेट्रो स्टेशनला गेले. तपासणीच्या ठिकाणी जवानाने मशीनकडे बोट दाखवलं.

"बाजा इसमें रखिए."

"निकल नहीं रहा," तात्याराव म्हणाले.

"निकल नहीं रहा मतलब?"

तात्यारावांनी साखळी दाखवली. जवानाने हातातलं यंत्र त्यांच्या कमरेजवळ नेलं, तर ते असं किंचाळायला लागलं की मागच्या रांगेतले लोक बाजूला झाले. जवानाने साहेबांना बोलावलं. साहेब आले, त्यांनी बासभोवती एक फेरी मारली, साखळी ओढली, पट्टा ओढला, मोज्यांना हात लावून बघितला.

"किसने लगाया है?"

"मैंने खुद."

"लगाया तो ज़बरदस्त है," साहेब म्हणाले. तात्यारावांची छाती फुगली. "लेकिन ऐसे अंदर नहीं जा सकते. या तो बाजा मशीन में जाएगा, या आप दोनों बाहर."

लॉकरची चावी कौसल्याबाईंच्या पर्समध्ये होती. त्या एकट्या मेट्रोने घरी निघाल्या. जाताना एकच वाक्य बोलल्या, "हलू नका इथून." तात्यारावांना कुठे जाता आलं असतं तर प्रश्नच नव्हता.

बाप-लेक स्टेशनच्या बाहेर सावलीत उभे राहिले. थोड्या वेळाने कॉलेजची दोन पोरं थांबली. "अंकल, कुछ सुनाओ ना." तात्यारावांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण हात आधीच तारांवर होते. विजेशिवाय बासचा आवाज तो किती येणार! पोरांनी कान पुढे केले. मग एक बाई थांबल्या, त्यांनीही कान पुढे केला. बघता बघता पाच-सहा माणसं तात्यारावांच्या पोटाला कान लावून उभी राहिली, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं की इथे कुणाची तरी तपासणी चालू आहे.

"पप्पा, तुम्ही हे चुकीचं वाजवताय," लुंबिनी एकदम म्हणाली. "ताल धावतोय."

"मग कसं?"

ती पुढे झाली. बास तर निघत नव्हता, म्हणून तिने तो बापाच्या अंगावरच वाजवायला घेतला. तात्यारावांनी डाव्या हाताने तारा दाबायच्या, लुंबिनीने उजव्या हाताने छेडायच्या. पहिल्यांदा सगळा गोंधळ झाला. मग जमलं. इतक्या वर्षांनी तिची बोटं तारेवर आली होती, आणि ती हसत होती. तात्याराव तिच्याकडे बघत राहिले आणि दाबायचं विसरले.

"दाबा ना!"

"हो, हो."

कौसल्याबाई किल्ली घेऊन परतल्या तेव्हा तिथे चांगली गर्दी होती. त्यांनी गर्दीतून वाट काढली, कुलूप उघडलं, साखळी ओढून काढली, मोज्यांसकट पर्समध्ये कोंबली आणि म्हणाल्या, "चला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या नक्की कशासाठी हे कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी लुंबिनीने विचारलंच नाही, सरळ स्ट्रॅप लॉक मागवले. जुने स्क्रू काढताना लाकडाचा टवका उडाला. तो भरून, तासून, नवीन भाग बसवेपर्यंत दोघांची सुट्टी गेली. तात्यारावांनी क्लिक ऐकलं. ओढून बघितलं. बास उलटा करून हलवला, कपाटाला टांगला, उशा रचल्या. आणि मग, हे कौसल्याबाई अजून सगळ्यांना सांगतात, तात्यारावांनी उशा काढून घेतल्या. स्वतःहून.

"ठीक आहे," ते म्हणाले. "धरतंय."

सिद्धांतच्या तालमी आता मयूर विहारलाच होतात, कारण इथे शेगडी दुसऱ्या खोलीत आहे. पण घरात वेगळंच भांडण सुरू झालंय. शनिवार-रविवारी बास लुंबिनी घेते. ती पट्टा लांब करून बास पार मांडीपर्यंत खाली सोडते, आणि सोमवारी तात्याराव तो ओढून ओढून छातीशी आणतात.

"इतका वर? पप्पा, हनुवटीने वाजवणार आहात का?"

"आणि तू गुडघ्याने?"

कौसल्याबाई सोफ्यावर आडव्या होतात आणि सांगतात, कुणीही वाजवा, पण वाजवा, मला झोपायचंय.