उजवी पाकळी कुणाची?

माझे वडील कोर्टकचेरीला भीत नसत, पण देवाला विचारल्याशिवाय कोंबड्यांचं खुराडंसुद्धा हलवत नसत. विहीर खणायची तर कौल, बैल घ्यायचा तर कौल. कौल म्हणजे पिंडीच्या दोन अंगांना ओल्या फुलाची एकेक पाकळी चिकटवायची, सवाल विचारायचा आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नको. असाच कौल घेऊन आणलेला एक बैल दारात येऊन जो बसला तो उठेचना. वडील म्हणाले, "देव घे म्हनला व्हता. चालंल असं कुठं म्हनला?"

त्या वर्षी मी सातवीची फायनल पास झाले आणि पुण्याला जाऊन मास्तरीण होण्याचं शिक्षण घ्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे मीच ठरवलं. वडिलांना ते आवडतही होतं आणि त्याची धडकीही भरत होती. आता देवाला विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

हे कळताच वडिलांची थोरली बहीण, घोडेगावला दिलेली माझी आत्या, बोचकं घेऊन हजर झाली. तिचं मत ठाम होतं. "पोरगी एकटी पुन्यात? उद्या हाटेलात जेवंल!" याहून वाईट काही तिला सुचत नव्हतं. आमच्या गावच्या देवळातला कौल तिला मुळीच चालणार नव्हता, कारण तिथला गुरव दर सोमवारी पूजा आटोपून आमच्याकडेच जेवायचा आणि आई माझ्या बाजूची होती. "तुमचं पिठलं खाऊन त्यो तुमच्याच बाजूनं पाकळी लावनार. आपल्याला वळकत न्हाई असा देव पायजे," आत्या म्हणाली. म्हणून कुकडेश्वर ठरला.

पौषातल्या सोमवारी आमची बैलगाडी जुन्नर मागं टाकून डोंगरांच्या दिशेला लागली. आई गुरांसाठी घरी राहिली. आत्या वाटभर स्वतःच्या लग्नाचा कौल सांगत होती. तो आम्ही इतक्यांदा ऐकला होता की बैलांनीही पुढचं वाक्य सांगितलं असतं. तिच्या वडिलांनी गावच्या पिंडीला पाकळ्या लावल्या, उजवी पडली आणि महिन्याच्या आत तिला घोडेगावात देऊन टाकलं. नवरा मारकुटा नव्हता, पिणारा नव्हता. फक्त बोलत नव्हता. ताटावरून उठताना तेवढं विचारायचा, "आज भाजी कसली व्हती?"

"देवानं उजवी दिली म्हून नांदले," आत्या म्हणाली. "न्हाईतर कवाच पळाले असते."

कुकडी नदी तिथं नुकती जन्मलेली. काठावरचं देऊळ काळ्या दगडाचं, फार फार जुनं, शिखर कधीच ढासळलेलं. भिंतीवर कोरलेल्या बायका बघून आत्यानं मला "खाली बघून चाल" म्हणून दटावलं आणि स्वतः एकेक निरखून घेतली.

कौल ओलेत्यानं विचारायचा असतो. वडिलांनी नदीत बुडी मारली आणि निळे होऊन बाहेर आले. गाभाऱ्यातल्या गुरवानं पिंडीला कण्हेरीच्या दोन पाकळ्या लावल्या. वडिलांनी हात जोडून दात वाजवत विचारलं, "पोरीला पुन्याला शिकाय धाडू का?"

मग आम्ही चौघं त्या पाकळ्यांकडे बघत बसलो. मी नुसत्या डोळ्यांनी उजवी ढकलत होते. आत्याला नेमका त्याच वेळी खोकला आला, आणि खोकायला ती दर वेळी डाव्या पाकळीच्या जवळ सरकत होती. वडिलांच्या धोतराचं पाणी माझ्या पायाखाली आलं. एकदाची पाकळी पडली. उजवी!

मी देवळात असल्याचं विसरून ओरडले.

"थांब," आत्या म्हणाली. "ही उजवी कुनाची?"

"कुनाची म्हंजे?" वडील कुडकुडत म्हणाले.

"आपली. देवाची डावी. देवाचा कौल देवाच्या हातानं धरायचा."

"अक्का, पिंडीला तोंड कुठंय? हात कुठंय?"

"नंदी कुनाकडं बघतोय? देवाकडं. मग देव नंदीकडं बघनार का त्याच्याकडं पाठ करून बसनार? देवाचं तोंड दाराकडं. देवाची डावी पडली. पोरगी घरी ऱ्हानार."

मला रडू कोसळलं. वडिलांनी गुरवाकडे पाहिलं. त्याला घरी जायचं होतं. "एका सवालाला एकच कौल," तो म्हणाला. "उजवी कुनाची, ते तुमच्यात जसं धरत्यात तसं धरा."

वडिलांनी डोकं खाजवलं. त्यांच्या अंगात काही कावा नव्हता, थंडीनं जीव चालला होता आणि लवकर निकाल हवा होता एवढंच. "आपल्यात कसं धरत्यात गं अक्का? तुज्या लग्नाला कसं धरलं व्हतं?"

"आपली उजवी," आत्या झटकन म्हणाली. आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

गावच्या देवळातही नंदी होता. तोही देवाकडेच बघत होता. म्हणजे तिच्याच हिशेबानं तिच्या लग्नाला देव नको म्हणाला होता. घोडेगावचं ते मुकं घर देवानं दिलेलंच नव्हतं!

आत्या नंदीला टेकून खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर आधी धक्का होता, मग हळूहळू असा आनंद पसरला की मला भीतीच वाटली. जन्मभर ती म्हणत आली होती की हे स्थळ चुकलं, आणि आज साक्षात महादेव तिच्या बाजूनं उभा होता. तिनं फक्त "देवाची उजवी" म्हणायचा अवकाश होता. मग ती खरी ठरत होती आणि मी घरी बसत होते.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तितं पुन्यात ऱ्हानार कुठं?"

"मुलींच्या बोर्डिंगात," मी नाक पुसत म्हणाले.

"तितं कुनी बोलतं का मानसाशी?"

"पुष्कळ मुली असतात. सारख्या बोलत असतात."

"जेवतानासुदीक?"

"जेवताना तर जास्तच."

"लई बोलत्यात?"

"लई."

आत्यानं गुडघ्यांवर हात टेकले आणि उठली. "आपली उजवी," ती वडिलांना म्हणाली. "उगं उभा ऱ्हाऊ नको आता, धोतर बदल. मरशील."

नदीकाठी आम्ही भाकरीचं फडकं सोडलं. वडील इतके खूश होते की त्यांनी ठेचा बैलांपुढेही धरला. आत्या मात्र गप्प बसून जेवली. गाडी जुंपल्यावर तिला आठवलं की लोटा आत राहिला. ती गेली ती येईना, म्हणून मी बोलवायला गेले.

गाभाऱ्यात गुरव नव्हता. आत्या पिंडीपुढे कमरेवर हात ठेवून उभी होती, लोटा तिच्या काखेत होता.

"पोरीचा कौल आमच्या उजव्यानं धरलाय," ती देवाला बजावत होती. "माजा मातर तुज्या उजव्यानं धर. कुनाला सांगू नको. तुला न मला ठाऊक असलं म्हंजे झालं."