दादाचं विमान

काल मेहरूण तलावाकाठी नातीला बर्फाचा गोळा घेऊन दिला. गाडीवाल्यानं ओल्या गोणपाटातून लादी काढली आणि तोच कुबट वास आला.

माझे वडील, नाना, गेले तेव्हा जामनेरच्या घरात त्यांना अशाच लाद्यांवर ठेवलं होतं. दादा शिकागोहून निघाला होता. चुलतभावाच्या मोबाइलवर त्याचं विमान सरकताना दिसत होतं आणि सगळे काका-मामा माश्यांसारखे त्याला चिकटले होते.

"आते कोठे शे?"

"इराणवर शे."

कुणी अंतर सांगत होतं, कुणी वेग. सगळ्यांची पाठ नानांकडे. बर्फाचं पाणी वाहत पायांशी आलं, तर यांनी पाय वर घेतले आणि पुन्हा विमान बघू लागले. लाद्या बदलायला मी आणि आईच उठायचो.

दुसऱ्या दिवशी दादा दारात आला. आईनं नानांच्या तोंडावरचं कापड उचललं, तेवढ्यात मामांनी विचारलं, "कितला तास लागनात रे?"

गाव अजून कौतुकानं म्हणतं, पोरगा केवढ्या लांबून आला! मला मात्र तो उंबराच आठवतो. दादा तिथंच थांबला आणि दोह्याला विमान बदललं तिथपासून सगळं सांगू लागला.

आई कापड धरूनच बसली होती.