मी न काढलेली रेघ

आमच्या घरात भुताला जागा नव्हती. श्राद्ध करणार नाही, पिंड ठेवणार नाही, अशी आमच्या आजोबांच्या पिढीनं शपथ घेतलेली, आणि बाबांनी ती शपथ मला पाढ्यांच्या जोडीनं पाठ करायला लावलेली. गावात कुणाच्या अंगात आलं की बाबा म्हणायचे, "करंट लागला असन त्याले, पायात चप्पल घाल म्हना." बाबा वायरमन होते. म्हणून ते गेल्यावर दीड वर्षानं, भर दुपारी, त्यांची रेघ माझ्या लॅपटॉपवर उगवली तेव्हा मला आधी भीती वाटली नाही. राग आला.

रेघ म्हणजे आलेखातली. मी बुलडाण्याला एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. आकडे दिले की आलेख काढून देणारं एक सॉफ्टवेअर आमच्या रोजच्या वापरात असतं. त्याला बटणं फारशी नाहीत, प्रत्येक गोष्ट आज्ञा लिहून सांगावी लागते, आणि ते सांगितल्यापेक्षा जास्त काही करत नाही. निदान मी वर्गात तरी असंच सांगत आले.

त्या शनिवारी मी वरवट बकालच्या पुढं आमच्या गावी आले होते. आईचे रक्ताचे रिपोर्ट हातात होते. त्यात क्रिअॅटिनिन नावाचा आकडा असतो. मूत्रपिंडं थकत चालली की तो चढतो. आमच्याकडचं पाणी खारं. बाबांची मूत्रपिंडं त्या पाण्यानंच खाल्ली असं आम्ही मानतो, आणि आता आईचा आकडा जरासा वर सरकला होता. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते, वेळेवर येत राहिल्या तर औषधानं धरून ठेवू, फक्त खेप चुकवू नका. सोमवारी खेप होती.

आईला धीर यावा म्हणून मी तिचे आकडे टाकून आलेख काढला. खाली निळी रेघ आली, तीन ठिपक्यांची, जवळजवळ सपाट. आणि तिच्या वरून, डावीकडून उजवीकडे, एक तांबडी रेघ चढत गेली. ती मी मागितलीच नव्हती. दोन्ही रेघांच्या टोकाला अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी उमटल्या होत्या, निळीपाशी दोन, तांबडीपाशी चार.

आई चहा घेऊन मागं उभी होती. तिनं बराच वेळ पडद्याकडं पाहिलं. कप ठेवला आणि आत गेली. थोड्या वेळानं आतूनच म्हणाली, "सोमवारी मी येत नाई."

"काऊन वं?"

"काय करतं जाऊन."

आईला आलेख कळतो, हे इथं सांगायला हवं. ती सारा जन्म अंगणवाडीसेविका होती. गावातल्या पोरांची वजनं करायची, आणि प्रत्येकाच्या तक्त्यावर ठिपका देऊन मागच्या ठिपक्याला जोडायची. हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. त्या तक्त्यावर रेघ चढली की पोर वाढतंय, सपाट झाली की सुकतंय, उतरली की घरी धावत जायचं. तिच्या हिशेबी चढणं हे चांगलंच. बाबांच्या आजारपणात मी त्यांच्या आकड्यांचा पहिला आलेख काढला होता तेव्हा आई तो पाहून हसली होती. "चढून राह्यली नं," म्हणाली, "चांगलं हाय." बाबांनी माझ्याकडं पाहिलं. तिला खरं काय ते सांगायला मला दोन दिवस लागले. ते हसू मला अजून दिसतं, आणि दिसलं की जीव नकोसा होतो.

आता तिनं ती चढती रेघ पुन्हा पाहिली होती. मी समजले, आपलंही असंच होणार म्हणून ती घाबरली. सोमवारच्या आत स्वच्छ आलेख तिच्यापुढं ठेवायचा, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

मी आलेखाची खिडकी बंद करून पुन्हा उघडली. पांढरीफटक. पुन्हा आज्ञा दिली तर उत्तर आलं की चित्राला जागा कमी आणि समास मोठे. खिडकी ओढून मोठी केली, तर आता आलेखाची अवस्थाच अवैध आहे म्हणे. अवैध! मी टेबलावर हात आपटला. सगळ्या खिडक्या बंद करून सॉफ्टवेअर नव्यानं सुरू केलं. निळी रेघ आली. तिच्या वरून तांबडीही आली, शांतपणे, आपल्या जागी.

मी तिला ओळखलं होतं. तिसऱ्या ठिपक्यापाशी जराशी मोडलेली. तेव्हा नवं औषध लागू पडलं होतं आणि आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. मग सरळ वर. पण बाबांचे आकडे तर मी आलेखांच्या फोल्डरातून केव्हाच काढले होते. पाहवेना म्हणून पेनड्राइव्हवर टाकून कपाटात ठेवले होते. उठून पाहिलं. पेनड्राइव्ह कपाटातच होता, आईच्या जुन्या बांगड्यांच्या डब्यात.

घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. तेव्हा मला बाबांची पद्धत आठवली. गावात वीज गेली की लोक म्हणायचे डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. बाबा डीपीकडं जायचेच नाहीत आधी. घरात येऊन सगळे फ्यूज काढायचे आणि एकेक लावत जायचे. ज्याच्यानं पुन्हा अंधार होईल तो चोर. "अंधार कोन करून राह्यला हे गर्दीत नाई समजत," म्हणायचे. "सगळं काहाड, मंग एकेक लाव."

मी माझ्या प्रोग्रामातली एकेक ओळ काढत गेले. रंग काढले, नावं काढली. तांबडी राहिली. आईचे आकडेही काढले आणि एक ते शंभर असे बालवाडीतले आकडे दिले. आकड्यांची सरळ रेघ आली, आणि तिच्या बुडाशी तांबडी, दबलेली, पण होतीच. दुपारचं कडक ऊन खिडकीतून पडलेलं, बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर चाललेला, आणि माझ्या हातांवर काटा आला. मी काहीही काढायला सांगावं आणि त्यांनी यावं, असं चाललं होतं.

काढलेलं सगळं परत घालून तोच प्रोग्राम कॉलेजातल्या मैत्रिणीला फोनवर पाठवला. तिनं तिच्या मशीनवर चालवून चित्र परत पाठवलं. फक्त निळी रेघ. म्हणजे लाईन ठीक होती. फॉल्ट आमच्याच घरात होता.

मग मी चौकटींकडं वळले. निदान लिहिलंय काय ते तरी वाचता यावं. हा लॅपटॉप नवा होता, जुन्यावरचे फोल्डर उचलून आणले तरी मराठी अक्षरांची सोय मागंच राहिली होती. अक्षर सापडलं नाही की सॉफ्टवेअर चौकट ठेवून मोकळं होतं. मी मराठी फाँट नेमून दिला आणि आज्ञा पुन्हा चालवली. निळीच्या टोकाला आलं, आई. तांबडीच्या टोकाला आलं, बाबा.

मी खुर्ची मागं सरकवली. तोंडातून "बाबा?" असं निघून गेलं, खरंच हाक मारल्यासारखं, आणि उत्तराची मी क्षणभर वाटही पाहिली. शपथ पाठ असलेली मी.

उत्तर मिळालं ते वेगळं. शेवटचा फ्यूज राहिला होता: आलेख काढायची ती मूळ आज्ञाच. त्या सॉफ्टवेअरात आज्ञेचं नुसतं नाव लिहिलं की ती आपलं पोट उघडून दाखवते. मी लिहिलं. आत सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं काही नव्हतं, माझ्या हातच्या ओळी होत्या. आणि त्या ओळींत बाबांचे आकडे, एकापुढं एक.

मग आठवलं. दवाखान्यातून आलं की बाबा नवा आलेख मागायचे आणि जुनी रेघ पुसू द्यायचे नाहीत. "मांगचं दिसलं नाई तं आता कुठी आलो हे कसं समजन?" म्हणून शेवटच्या महिन्यांत मी एक छोटी आज्ञा लिहिली: काहीही काढायला सांगितलं तरी आधी बाबांची जुनी रेघ काढ. आणि आळसानं तिला सॉफ्टवेअरच्याच आज्ञेचं नाव दिलं. असं करू नका म्हणून मी वर्गात घसा कोरडा करते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. बंद करताना ते सॉफ्टवेअर दरवेळी विचारतं, सगळं आहे तसं जपून ठेवू का? मी दरवेळी हो म्हटलं होतं. आजाऱ्याच्या घरात या प्रश्नाला नाही कोण म्हणतं? ते सगळं एका लपलेल्या फाइलीत राहिलं, जुन्या फोल्डरासोबत नव्या लॅपटॉपवर आलं, आणि मी फोल्डर उघडताच उठून उभं राहिलं.

चूक सापडली की मला एरवी फार आनंद होतो. त्या दिवशी झाला नाही. भूत नाही हे सिद्ध झालं आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले. ते खरंच आले असते तर बरं झालं असतं, असं वाटलं. हे बाबांना आवडलं नसतं.

मग डोळे पुसून आज्ञा काढून टाकली. फक्त निळी रेघ राहिली.

आई अंगणात सुपात तूर पाखडत होती. मी लॅपटॉप तिच्यापुढं धरला. "हे पाय. ही तुयी. सपाट हाय, आन् आपल्या या तक्त्यात सपाट म्हंजे चांगलं. ते वरचं तुयं नव्हतं."

आईनं सूप खाली ठेवलं. पडद्याजवळ तोंड नेलं.

"थे कुठी गेले?" तिनं विचारलं.

"तुले माईत होतं?"

"माईत नसन काय? दवाखान्यात दर खेपले पाह्यलं म्या. त्याईचीच होती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मायावर उभे दिसले. मले वाटलं, वाट पाहून राह्यले. मंग मी दवाखान्यात काऊन जाऊ, सांग बरं?"

"आई, आपल्यात असं काही नसते."

"मले शिकवू नको. तुले म्याच शिकवलं." मग आवाज खाली करून म्हणाली, "लोकाईच्या घरी कावळ्याले तरी घास ठेवतात. आपल्या घरी थे येतीन कुठी? मी कधी बोलली नाई. पन वाटते."

मी तिला सगळं सांगितलं, ती आज्ञा, ते नाव, ती लपलेली फाइल. तिला किती कळलं कोण जाणे. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तूच ठेवलं होतं त्याईले."

"हो."

"मंग ठेव नं. पन वर नको." तिनं सुपातले दाणे हातानं सारखे केले. "वर राह्यले तं मले वढतीन. तुया तक्ता उलटा हाय, तो पालथा कर. माया पोराईच्या कार्डासारखा. बिघडलं तं खाली."

अक्ष पालथा घालणं हे माझ्या विषयात चांगलं लक्षण मानत नाहीत. वाचणारा फसतो, असं मी परीक्षेत गुण कापून शिकवते. पण मी तिथंच अंगणात बसून आकडे वरून खाली मोजायला लावले, आणि काढून टाकलेली आज्ञा परत लिहिली, या वेळी तिला तिचं स्वतःचं नाव देऊन. बाबांची रेघ वरून निघाली, तिसऱ्या ठिपक्यापाशी मोडली आणि खाली खाली उतरत गेली. आईची निळी वरच राहिली, जवळजवळ सपाट. आईनं दोन्हींच्या मधल्या जागेवरून बोट फिरवलं.

बाबा घरी वायर बांधायला शिडीवर चढले की आई खाली शिडी धरून उभी राहायची, काडीसारखी बाई. "पडले तं झेलीन," म्हणायची. बाबा वरून हसायचे, "मंग दोघं बी जाऊ." हे मला त्या दिवशी अंगणात आठवलं नाही. सोमवारी आठवलं.

सोमवारी आम्ही अकोल्याला गेलो. आईनं पिशवीतून आलेखाचा कागद काढून डॉक्टरांपुढं ठेवला. त्यांनी पाहिला, कपाळाला आठी घातली, आणि कागद उलटा लागला समजून फिरवला. आईनं तो पुन्हा होता तसा केला.

"असाच पाहा, साहेब. ही मी."

"आणि ही खालची कोण?"

"हिचे बाबा," आई माझ्याकडं मान करून म्हणाली. "शिडी धरून हायेत."

आईनं बाही वर सरकवून हात रक्त काढायला पुढं केला.