बर्फाला पैकीच्या पैकी

अमिरातीतल्या अल क्वोजच्या आमच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर मॉडेल विकत आणलं होतं. ते मूळचं उत्तरेकडच्या थंड देशांतलं. जंगलतोड कुठे करायची हे ठरवताना कुठला प्राणी कुठे राहील ते सांगणारं. नकाशावरचा हिरवा चौकोन म्हणजे पक्षी राहतो, लाल म्हणजे राहत नाही. पक्ष्यांना हे कळवायची सोय तेवढी नव्हती.

रास अल खैमात जुन्या घाफ वृक्षांमधून रस्ता जायचा होता. पिंगळ्यांची घरं टाळायची, ही अट होती. घरं मॉडेल दाखवणार, मॉडेल बरोबर आहे का ते मी जागेवर जाऊन तपासणार आणि सही करणार.

मॉडेलमधला बर्फाचा रकाना काढायचा राहून गेला होता. बर्फ जितका कमी तितके गुण जास्त. त्यामुळे अख्ख्या अमिरातीला बर्फात पैकीच्या पैकी. दाट हिरवळीलाही गुण, म्हणून गोल्फ कोर्स पहिला आला आणि विरळ उभे असलेले म्हातारे घाफ नापास झाले. रस्ता अर्थात नापासांच्या वस्तीतून.

"सर, लाल चौकोनही तपासू या," मी म्हणालो.

"अरे, तिथे पक्षी नाहीयेत."

"कशावरून?"

"मॉडेल सांगतंय ना!"

"आणि मॉडेल बरोबर आहे कशावरून?"

"त्यासाठीच तर तुला पाठवतोय, हबीबी. यल्ला, हिरवे आटप."

तीन सकाळी मी गोल्फ कोर्सवर साळुंक्या मोजल्या. एका खेळाडूने आपुलकीने विचारलं, तुमचा चेंडू हरवलाय का?

चौथ्या सकाळी आमच्या पेशावरी ड्रायव्हरने नेहमीप्रमाणे एका थोरल्या घाफच्या सावलीत गाडी लावली. तीन दिवस गोल्फ कोर्सहून परतताना आम्ही तिथेच थर्मासमधला चहा पीत होतो. कप पुढे करत तो म्हणाला, "साब, तुम्हारा उल्लू इधर बैठता है."

खोडाच्या ढोलीत पिंगळा होता. त्याच्यामागे पिल्लांचे चार पिवळे डोळे.

"कब से मालूम है?"

"पहले दिन से. आपने पूछा किधर?"

फोनवर नकाशा पाहिला. चौकोन लालच होता, आणि रस्ता बरोबर ढोलीवरून जात होता.

सरांनी फोटो पाहिला. "हा पॉइंट सॅम्पलमध्ये नाही."

"पण पिंगळा आहे."

"चुकून आला असेल."

"पिल्लांसकट?"

"लाइन फायनल आहे रे. सही कर, खलास."

आमचे जाडजूड रिपोर्ट कुणी वाचत नाही. सही आहे ना, एवढं पाहायला फक्त शेवटचं पान उघडतात. म्हणून सहीच्या बरोबर वर मी हाताने लिहिलं: 'लाल चौकोनांपैकी मी एकच पाहिला. त्यात पिंगळ्याचं बिऱ्हाड आहे.' खाली फोटो चिकटवला. रस्ता बांधणाऱ्यांच्या इंजिनिअरने रिवाजाप्रमाणे थेट शेवटचं पान उघडलं.

रस्ता वळला. प्रेझेंटेशनमध्ये सरांनी तोच फोटो पडदाभर दाखवून 'आमच्या मॉडेलचं यश' जाहीर केलं. टाळ्या पडल्या. त्यांच्या मागच्या नकाशात तो एक चौकोन हिरवा रंगवला होता. भोवतालचे सगळे होते तसे लाल. बर्फाला गुण अजूनही पैकीच्या पैकी.

पुढच्या खेपेला गेलो तर घाफभोवती तारेचं कुंपण आणि 'प्रवेश बंद'ची पाटी. पिल्लं आता फांदीवर बसत होती.

"अब चाय किधर पिएँगे, साब?" ड्रायव्हरने विचारलं.

आम्ही गोल्फ कोर्सच्या पार्किंगमध्ये प्यायलो. तिथे कुणाचीच अडचण होत नव्हती.